टॉर्बर्नाइट : युरेनियमचे हिरवे खनिज

टॉर्बर्नाइट हे युरेनियमचे एक हिरवे खनिज होय. खडकाच्या भेगेत पाचूच्या रंगाच्या पातळ, चौकोनी वड्या एकमेकींना चिकटून बसाव्यात तसे त्याचे स्फटिक दिसतात. दिसावयास इतके देखणे खनिज युरेनियमच्या गटात थोडेच. मात्र ते फार मोठ्या प्रमाणात कोठे साठलेले नसते, आणि केवळ त्याच्यासाठी खाणी सहसा काढल्या जात नाहीत. अणुभट्टीच्या इंधनासाठी लागणारे युरेनियम प्रामुख्याने दुसऱ्या, काळ्या रंगाच्या खनिजांतून मिळते. असे असूनही किरणोत्सर्गाच्या शास्त्रात या हिरव्या खनिजाला मानाचे स्थान आहे. रेडियमचा शोध लागण्यापूर्वी, असे काही मूलद्रव्य अस्तित्वात असले पाहिजे हा तर्क ज्या पुराव्यांवर उभा राहिला, त्यांपैकी एक पुरावा टॉर्बर्नाइटने दिला. हे खनिज हाताळताना कोणती काळजी घ्यावयाची, याचे उत्तरही त्याच पुराव्यात सापडते.

नाव आणि ओळख

टॉर्बर्न बर्गमन (१७३५–१७८४) या स्वीडिश रसायनज्ञाच्या स्मरणार्थ या खनिजाला टॉर्बर्नाइट हे नाव मिळाले. त्याचे जुने नाव कॅल्कोलाइट. ग्रीक भाषेत तांब्याला जो शब्द आहे त्यावरून ते आले. खाणकामगार मात्र त्याला 'हिरवा अभ्रक' किंवा 'युरेनियमचा अभ्रक' म्हणत, आणि हे नाव अधिक बोलके आहे. कारण अभ्रकाप्रमाणेच याचेही पापुद्रे सुटतात. बर्गमनच्या हयातीत युरेनियम कोणास ठाऊकच नव्हते. १७८९ मध्ये क्लाप्रोट या जर्मन रसायनज्ञाने पिचब्लेंड या काळ्या, जड खनिजात एक नवे मूलद्रव्य असल्याचे दाखविले आणि आठ वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याचे नामकरण केले. हिरव्या खनिजात तांब्याबरोबर हेच नवे द्रव्य आहे हे त्यानंतर कळले. त्यात फॉस्फरसही आहे हे उमगण्यास आणखी काही दशके जावी लागली.

रासायनिक दृष्ट्या टॉर्बर्नाइट म्हणजे तांबे व युरेनियम यांचे सजल फॉस्फेट. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग युरेनियमचा असतो आणि तांबे शेकडा सहा ते सात एवढेच असते. स्फटिक चतुष्कोणीय समुदायाचे, बहुधा चपटे. चमक काचेसारखी, पापुद्र्याच्या पृष्ठावर मोत्यासारखी. कठिनता २ ते २.५, म्हणजे बोटाच्या नखाने ओरखडा उठू शकेल इतकी कमी. विशिष्ट गुरुत्व ३.२ च्या आसपास असल्याने हातात घेतल्यास ते गारेपेक्षा जड लागते. परंतु पिचब्लेंडच्या मानाने फारच हलके. पापुद्रे अभ्रकासारखे लवचीक नसून ठिसूळ असतात आणि त्यांचा सहज भुगा होतो. हा ठिसूळपणा पुढे लक्षात ठेवावयाचा आहे.

या गुणधर्मांचे मूळ स्फटिकाच्या रचनेत आहे. युरेनियम, ऑक्सिजन व फॉस्फरस यांचे अणू एकत्र येऊन सपाट थर तयार होतात. दोन थरांच्या मधल्या जागेत तांबे आणि पाणी असते. थर मजबूत, पण त्यांना परस्परांशी जोडणारे बंध दुबळे. म्हणून खनिज थरांच्या दिशेने फुटते. मधले पाणीही फारसे घट्ट बांधलेले नाही. कोरड्या हवेत किंवा थोड्या उष्णतेने त्यातील काही भाग निघून जातो आणि टॉर्बर्नाइटचे रूपांतर मेटाटॉर्बर्नाइटमध्ये होते. एकदा गेलेले हे पाणी सहसा परत येत नाही. संग्रहालयांच्या कपाटात 'टॉर्बर्नाइट' अशी चिठ्ठी असलेले अनेक नमुने प्रत्यक्षात केव्हाच मेटाटॉर्बर्नाइट झालेले असतात. आकार व रंग तसाच राहतो, स्फटिक किंचित अपारदर्शक होतो, आणि चिठ्ठी बदलण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

रंगाविषयीचा गैरसमज

किरणोत्सर्गी पदार्थ अंधारात हिरवा उजेड टाकतो, असा समज शाळकरी मुलांत आणि मोठ्यांतही आढळतो. त्याचे मूळ बहुधा जुन्या घड्याळांत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळाच्या काट्यांना रेडियममिश्रित रंग लावीत. तो हिरवट प्रकाश रेडियमचा नव्हता. रंगात मिसळलेल्या झिंक सल्फाइडवर रेडियमचे किरण आदळल्यामुळे ते उजळे. टॉर्बर्नाइट अंधारात मुळीच प्रकाशत नाही. त्याचा रंग त्यातील तांब्यामुळे व युरेनियमच्या संयुगामुळे येतो. किरणोत्सर्गाचा त्या रंगाशी संबंध नाही.

याच घराण्यातील ऑट्युनाइट या खनिजात तांब्याऐवजी कॅल्शियम असते. त्यावर जंबुपार किरण टाकले की ते पिवळट हिरव्या तेजाने झळकते. टॉर्बर्नाइट मात्र त्या किरणांतही निस्तेज राहते, कारण तांबे हे तेज शोषून टाकते. दोन सख्ख्या खनिजांतला फरक ओळखण्याची ही सोपी कसोटी आहे. परंतु झळकणारे ते धोक्याचे व न झळकणारे ते निर्धोक, असा अर्थ कोणी काढू नये. दोन्हींत युरेनियम जवळपास सारखेच असते.

उलट बाजूने, हिरवे तेवढे किरणोत्सर्गी हेही खरे नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्ट या काळ्या कातळाने व्यापलेला आहे. त्या कातळाच्या पोकळ्यांत हिरव्या सेलॅडोनाइटचा लेप असतो, आणि पुण्याजवळ पाषाण येथे सापडलेले हिरवे अ‍ॅपोफिलाइट तर जगभरच्या संग्रहांत गेलेले आहे. हा रंग व्हॅनेडियममुळे येतो. बेसॉल्टमध्ये युरेनियम मुळातच अत्यल्प, दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ते तीन-चार भागांपर्यंत भरते. विहीर खणताना दख्खनच्या कातळात हिरवा खडा निघाला म्हणून गावाने धास्ती घेण्याचे कारण नाही.

खनिज तयार कसे होते?

टॉर्बर्नाइट हे दुय्यम खनिज आहे. म्हणजे ते पृथ्वीच्या पोटातील तप्त रसातून थेट तयार होत नाही. आधी तयार झालेली खनिजे हवा-पाण्याने कुजल्यानंतर त्यांच्या द्रव्यांतून जन्मास येते. त्यासाठी तीन गोष्टी एकमेकींच्या आवाक्यात असाव्या लागतात: युरेनियम, तांबे आणि फॉस्फेट. चौथी गोष्ट पाणी. आणि तेही ऑक्सिजन विरघळलेले.

खोल खडकात युरेनियम बहुधा युरेनिनाइट या काळ्या ऑक्साइडच्या रूपात असते. पिचब्लेंड हा त्याचाच एक प्रकार. या अवस्थेतील युरेनियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि कोट्यवधी वर्षे जागचे हलत नाही. पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते तेव्हा ते बरोबर ऑक्सिजन नेते. त्याच्या संयोगाने युरेनियमची रासायनिक अवस्था बदलते. ते युरॅनिल नावाचे रूप धारण करते आणि विरघळून पाण्याबरोबर वाहू लागते.

याच सुमारास शेजारच्या गंधकयुक्त खनिजांवरही पाण्याची क्रिया चालू असते. लोखंड व गंधक यांच्या पायराइटपासून गंधकाम्ल तयार होते. तांबे व लोखंड यांच्या चाल्कोपायराइटमधून तांबे सुटते. त्या आम्लाने खडकातील अ‍ॅपेटाइट हे खनिज विरघळते आणि पाण्यात फॉस्फेट येते. अशी तिन्ही द्रव्ये घेतलेले पाणी एखाद्या भेगेत मंदावले, त्याची आम्लता योग्य पातळीवर आली, की युरॅनिल व फॉस्फेट यांचे मिलन होते, तांबे त्यांच्या थरांत शिरते आणि हिरव्या वड्या भेगेच्या भिंतीवर बसू लागतात. पाण्यात तांबे नसून कॅल्शियम असेल तर त्याच जागी पिवळे ऑट्युनाइट बसते.

म्हणून हे खनिज धातुकाच्या शिरेच्या वरच्या, हवा पोचणाऱ्या भागात आढळते आणि भूमिजलाच्या पातळीखाली दिसेनासे होते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील गनिसलेक, काँगो देशातील कटांगा आणि बोहेमिया-सॅक्सनीच्या सीमेवरील डोंगर ही त्याची नामांकित ठिकाणे. या साऱ्या ठिकाणी तांबे व युरेनियम शेजारी शेजारी आहेत. खनिजशोधकाला हिरव्या पापुद्र्यांचे महत्त्व वाटते ते यामुळे. स्वतः ते थोडे असले तरी खाली, हवा न पोचणाऱ्या भागात, मूळ काळे धातुक असण्याची ती एक खूण असते. अर्थात पाणी युरेनियम दूरवर वाहून नेऊ शकते. खूण दिसली तेथे साठा असेलच अशी हमी नसते.

भारतात या तिन्ही द्रव्यांचा मेळ झारखंडमधील सिंगभूमच्या पट्ट्यात आहे. तेथे प्राचीन खडकांत दीडशे किलोमीटरहून अधिक लांबीचा, धनुष्याकृती असा भंगलेला पट्टा आहे. मोसाबनी, राखा, सुरडा या तांब्याच्या खाणी त्याच पट्ट्यातल्या. अ‍ॅपेटाइटचे साठे त्यातच आहेत, आणि १९५१ मध्ये जादुगोडा येथे युरेनियमचा शोध लागला तोही त्याच पट्ट्यात. तेथील मूळ धातुक युरेनिनाइट असून पृष्ठालगतच्या कुजलेल्या खडकात टॉर्बर्नाइट व ऑट्युनाइट आढळतात. १९६७ मध्ये भारतीय युरेनियम निगमाची स्थापना होऊन जादुगोड्याचे खाणकाम त्याच्याकडे आले. या धातुकाचा कस अल्प आहे. एक टन खडक फोडून त्यातून जेमतेम अर्धा-पाऊण किलो युरेनियम ऑक्साइड हाती येते. तांब्याच्या धातुकावर प्रक्रिया केल्यावर जो गाळ उरे, त्यातूनही युरेनियम वेगळे काढण्याचे काम तेथे केले गेले. तांबे व युरेनियम यांचे शेजारपण किती निकटचे आहे, हे त्यावरून दिसते. महाराष्ट्राचा या कथेशी संबंध येतो तो खडकामुळे नव्हे; तुर्भे येथे १९५९ मध्ये अणुभट्टीसाठी लागणाऱ्या शुद्धतेचा युरेनियम धातू भारतात प्रथम तयार करण्यात आला, यामुळे.

कृत्रिम स्फटिकाचा पुरावा

युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण बाहेर पडतात, हे आंरी बेकरेल यांना १८९६ मध्ये पॅरिस येथे आढळले. दोन वर्षांनी मारी क्यूरी यांनी या किरणांचे मोजमाप हाती घेतले. किरणांमुळे हवेतून वाहणारा अत्यंत सूक्ष्म विद्युत् प्रवाह मोजण्याचे उपकरण त्यांच्यापाशी होते. त्याची मूळ कल्पना पती पिएर क्यूरी व दीर जाक यांच्या संशोधनातली. मारीबाईंनी मिळतील तितकी खनिजे तपासली. किरण युरेनियममुळेच येत असतील तर खनिजात युरेनियम जितके कमी, तितके किरणही कमी भरावयास हवेत. बहुतेक युरेनियमयुक्त पदार्थांच्या बाबतीत हा हिशेब जमला. पिचब्लेंड व कॅल्कोलाइट यांनी मात्र तो साफ मोडला. पिचब्लेंडचे काही नमुने शुद्ध युरेनियम धातूच्या चौपट क्रियाशील निघाले, कॅल्कोलाइट दुप्पट.

कॅल्कोलाइटमध्ये युरेनियम निम्मेच असते. निम्म्या युरेनियमातून दुप्पट किरण कसे निघावेत? एखाद्याने उपकरणाला दोष दिला असता. मारीबाईंनी वेगळाच मार्ग धरला. दब्रे या फ्रेंच रसायनज्ञाने कॅल्कोलाइट प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत सांगितली होती. युरॅनिल नायट्रेटचे द्रावण आणि फॉस्फोरिक आम्लात विरघळविलेले तांब्याचे फॉस्फेट एकत्र करावयाचे, ते पन्नास-साठ अंश सेल्सियसपर्यंत तापवावयाचे, आणि थांबावयाचे. काही काळाने द्रावणात हिरवे स्फटिक धरू लागतात. या रीतीने केलेला स्फटिक घटकांच्या दृष्टीने निसर्गातल्या स्फटिकासारखाच. त्याची क्रियाशीलता मोजली तेव्हा ती युरेनियम धातूच्या अडीचपट कमी भरली. म्हणजे हिशेबाने जितकी असावयास हवी तितकीच.

एकाच पदार्थाचे दोन नमुने. त्यांपैकी खाणीतला नमुना प्रयोगशाळेतल्याच्या पाचपट प्रखर. तेव्हा खाणीतल्या स्फटिकात तांबे, युरेनियम व फॉस्फेट यांखेरीज आणखी काहीतरी आहे, आणि नेहमीच्या रासायनिक पृथक्करणात न दिसण्याइतके ते अल्प आहे, एवढाच निष्कर्ष उरला. त्या 'काहीतरी'चा माग काढण्यासाठी क्यूरी दांपत्याने पिचब्लेंड निवडले, कारण ते अधिक प्रखर होते आणि बोहेमियातील याखिमॉव्हच्या खाणीतून त्याचा चोथा भरपूर मिळू शकत होता. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम व डिसेंबरमध्ये रेडियम यांची घोषणा झाली. शुद्ध रेडियम क्लोराइडचा एक दशांश ग्रॅम हाती येण्यास १९०२ साल उजाडले.

विद्यार्थ्यांना हा प्रयोग सांगताना शिक्षकांनी त्यामागचे आजचे गणितही मांडावे. युरेनियम-२३८ चा अणू आल्फा कण टाकून थोरियमचा होतो, आणि पुढे एकामागून एक रूपे घेत रेडियम, रेडॉन वायू, पोलोनियम या पायऱ्या उतरून अखेरीस शिशाच्या स्थिर अणूत विसावतो. या प्रवासात एकूण आठ आल्फा कण बाहेर पडतात. प्रयोगशाळेत युरेनियम शुद्ध केले की मधली अपत्ये गळून जातात आणि युरेनियमचे स्वतःचे दोनच आल्फा कण उरतात. ती अपत्ये पुन्हा पुरेशी साठावयास लाखो वर्षे लागतात, कारण मधल्या थोरियम-२३० चे अर्धायुष्यच सुमारे ७५,००० वर्षांचे आहे. दोनाच्या जागी आठ, म्हणजे कणांची संख्या चौपट. अपत्यांचे कण अधिक वेगवान असल्यामुळे एकूण ऊर्जा पावणेपाच पटींजवळ जाते. सव्वाशे वर्षांपूर्वी मोजलेल्या पाचपट फरकाशी हे चांगले जुळते.

खाणीतील हवा

निसर्गातील टॉर्बर्नाइटची प्रखरता त्यातल्या युरेनियमापेक्षा युरेनियमच्या अपत्यांमुळे अधिक आहे, हे एकदा ध्यानात आले की धोक्याचे स्वरूपही स्पष्ट होते. या अपत्यांपैकी रेडॉन हा वायू आहे. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे. तेवढ्या अवधीत तो खडकातून बाहेर पडतो, हवेत मिसळतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जातो. तेथे त्याची घनरूप अपत्ये चिकटून बसतात व आल्फा कण टाकतात.

बोहेमिया-सॅक्सनीच्या सीमेवरील चांदीच्या खाणींत काम करणारे लोक तरुणपणीच छातीच्या विकाराने दगावतात, ही गोष्ट सोळाव्या शतकापासून ठाऊक होती. धूळ, दमट हवा, डोंगरातली भुते, अशी नाना कारणे दिली जात. १८७९ मध्ये हार्टिंग व हेसे या दोन डॉक्टरांनी श्नेबर्ग येथील कामगारांच्या शवांची तपासणी करून हा विकार फुप्फुसातील घातक अर्बुदाचा असल्याचे दाखविले. त्या वेळी रेडॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो १९०० मध्ये लागला. कारण कळूनही खाणींत वायुवीजनाची पुरेशी व्यवस्था होण्यास अनेक दशके गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर याखिमॉव्हच्या युरेनियम खाणींत तर राजकीय बंद्यांना जुंपण्यात आले. युरेनियमच्या इतिहासातील हे पान क्यूरींच्या पानाइतके वाचले जात नाही. वाचले जावयास हवे.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न निराळा आहे. युरॅनिल रूपातील युरेनियम पाण्यात विरघळत असल्याने काही प्रदेशांतील कूपनलिकांत ते येते. तेथे काळजी असते ती मुख्यतः मूत्रपिंडावर होणाऱ्या रासायनिक परिणामाची. जागतिक आरोग्य संघटनेने एका लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचविली आहे. पाण्याचा रंग, वास वा चव यांवरून हे कळत नाही; प्रयोगशाळेतील तपासणी हाच उपाय. येथे टॉर्बर्नाइटच्या घराण्याचा एक उपकारक गुण नमूद करण्यासारखा आहे. युरेनियमची ही फॉस्फेटे पाण्यात फारच थोडी विरघळतात. म्हणून दूषित जमिनीत फॉस्फेट घालून युरेनियम जागच्या जागी अडकवून ठेवता येईल काय, यावर संशोधन झाले आहे.

शाळेतील नमुना

काही जुन्या शाळा-महाविद्यालयांच्या खनिजसंग्रहांत युरेनियमचे नमुने असतात. लहान नमुना क्षणभर पाहिल्याने किंवा हातात धरल्याने अपाय होत नाही. आल्फा कण कातडीच्या बाहेरील मृत थरातच अडतात. अपाय होतो तो कण शरीरात गेल्यास. टॉर्बर्नाइटच्या बाबतीत ही शक्यता इतर खनिजांपेक्षा अधिक, कारण ते मऊ व ठिसूळ असून पाणी गमावल्यावर अधिकच भुगभुगीत होते. नमुना घासू नये, फोडू नये, तापवू नये, आणि त्यावर आम्लाचा प्रयोग करू नये. तो झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवावा व डबी न उघडताच दाखवावा. हाताळलाच तर हात धुवावेत. डबीतून सूक्ष्म प्रमाणात रेडॉन निसटतोच. म्हणून असे नमुने बंद, कोंदट खोलीत किंवा रोजच्या बसण्याच्या जागेजवळ ठेवू नयेत, आणि पुष्कळ नमुने असलेले कपाट उघडण्यापूर्वी खोलीच्या खिडक्या उघडाव्यात. डबीवर खनिजाचे नाव व 'किरणोत्सर्गी' हा शब्द ठळक लिहावा.

ओळख न पटलेला संशयित नमुना सापडल्यास तो केरात टाकू नये किंवा मुलांच्या हाती देऊ नये. गायगर गणकाने त्याची तपासणी काही मिनिटांत होते. जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र वा पदार्थविज्ञान विभागात असे उपकरण बहुधा असते. नमुना मोठा असेल किंवा विल्हेवाटीचा प्रश्न असेल, तर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या व मुंबईत कार्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेशी संस्थाप्रमुखांनी लेखी संपर्क साधावा, आणि उत्तर येईपर्यंत डबी कुलूपबंद ठेवावी.